वळणावरची भेग : पंजीच्या चौकटीवर तपासलेली तीन सॉफ्टवेअर

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत ट्रॅक्टरची अवजारे बनवणारे एक छोटे वर्कशॉप आहे. नऊ फणांची पंजी, म्हणजे काही भागांत जिला मोगडा म्हणतात ते अवजार, हा त्यांचा सर्वाधिक खपाचा माल. सलग दोन हंगाम या पंजीच्या काही चौकटी भेगा पडून परत आल्या. भेग दर वेळी जवळपास एकाच जागी होती. पुढची आणि मागची अशा दोन आडव्या नळ्या पुढून मागे जाणाऱ्या चॅनेलांनी (तीन बाजू असलेल्या, एका बाजूने उघड्या पट्ट्यांनी) जोडलेल्या आहेत, आणि त्या चॅनेलचे टोक मागच्या नळीला जिथे वेल्ड केले आहे, तिथे चॅनेलच्या पात्याच्या, म्हणजे त्याच्या बाजूच्या पत्र्याच्या, कडेपासून भेग सुरू होत असे. पहिल्या वर्षी वेल्ड जाड करण्यात आला, दुसऱ्या वर्षी शेजारी गसेट, म्हणजे सांध्याला आधार देणारा पत्रा, लावण्यात आला. भेग गसेटच्या टोकाकडे सरकली, पण थांबली नाही.

त्याच सुमारास मालकांनी संगणकावर डिझाइन करण्याचा निर्णय घेतला होता. तोपर्यंत ड्रॉइंग द्विमितीय होते आणि चौकटीची ताकद अनुभवाने ठरत असे. त्यांच्यासमोर तीन पर्याय आले होते आणि त्यांतला कोणता घ्यावा, एवढाच प्रश्न त्यांनी मला विचारला. विक्रेत्यांनी दिलेल्या तुलनेच्या तक्त्यांत प्रत्येकाच्या नावापुढे बरोबरच्या खुणा होत्या, आणि त्या खुणांवरून काहीच ठरत नव्हते. म्हणून मी एक अट घातली. तुटलेली चौकट हीच परीक्षा मानायची, तिन्ही सॉफ्टवेअरना तीच चौकट द्यायची, आणि जिथे भेग पडली तिथे कोणते सॉफ्टवेअर बोट ठेवते ते पाहायचे. भेग कुठे पडते हे आम्हाला आधीच माहीत होते, आणि असे माहीत असलेले उत्तर हाताशी असणे ही तुलनेसाठी सर्वांत मोलाची गोष्ट असते.

पहिला पर्याय सॉलिडवर्क्सचा, त्यातल्या सिम्युलेशन (ताणाचे विश्लेषण करणाऱ्या) भागासह. सॉलिडवर्क्स १९९५ साली बाजारात आले आणि १९९७ मध्ये दासो सिस्टिम्स या फ्रेंच कंपनीने ते घेतले. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा या पट्ट्यात त्यावर काम करणारी माणसे सहज मिळतात, कारण चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थांमधून आणि खासगी वर्गांमधून अशा प्रकारची सॉफ्टवेअर शिकवली जातात. दुसरा पर्याय अॅन्सिसचा. १९७० साली स्थापन झालेल्या या कंपनीचा मूळ भर रेखांकनावर नव्हता, विश्लेषणावर होता. २०२५ मध्ये ती सिनॉप्सिसच्या मालकीची झाली. तिसरा पर्याय फ्रीकॅडचा, ज्याच्या आतून कॅल्क्युलिक्स हा सॉल्व्हर, म्हणजे प्रत्यक्ष गणित सोडवणारा भाग, चालतो. दोन्ही मुक्त आहेत, परवाना शुल्क नाही. फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि मॉडेलमधला एखादा आधीचा टप्पा बदलला की पुढच्या टप्प्यांना आपापले पृष्ठभाग सापडेनासे होत, ही त्याची जुनी अडचण या आवृत्तीत बरीच कमी झाली. अॅन्सिसची विद्यार्थी आवृत्ती मोफत मिळते, पण ती व्यावसायिक कामासाठी वापरता येत नाही. म्हणून आम्ही विक्रेत्याकडून चाचणीचा परवाना मागवला. हे स्पष्ट लिहितो, कारण छोट्या वर्कशॉपमध्ये विद्यार्थी आवृत्तीवर ग्राहकाचे काम केलेले अनेकदा पाहायला मिळते आणि त्याची जबाबदारी शेवटी मालकावर येते.

काम करणार होती ती शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेली एक तरुण अभियंता. चौकट हातात देण्याआधी मी तिला एक साधी नळी दिली. ७५ बाय ७५ मिलिमीटरची, ६ मिलिमीटर जाडीची चौकोनी नळी, एका टोकाला घट्ट धरलेली, दुसरे टोक ५०० मिलिमीटरवर मोकळे आणि त्यावर १० किलोन्यूटन भार. हे उत्तर कागदावर निघते. बाहेरच्या चौरसाच्या बाजूच्या चौथ्या घातातून आतल्याचा चौथा घात वजा करून १२ ने भागले की जडत्वाघूर्ण, म्हणजे छेद वाकण्याला किती विरोध करतो त्याचे माप, सुमारे १३.२४ लाख मिमी४ येतो. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक २ लाख मेगापास्कल धरला, तर मोकळ्या टोकाचे वाकणे १.५७ मिलिमीटर. धरलेल्या टोकापासून १०० मिलिमीटरवरचा वाकण्याचा ताण ११३ मेगापास्कल. ताण मुद्दाम टोकापासून दूर वाचायचा, कारण अगदी धरलेल्या कडेवर संगणक जो आकडा दाखवतो तो जाळी (गणितासाठी वस्तूचे केलेले छोटे तुकडे, म्हणजे घटक) बारीक करत गेल्यावर वाढतच राहतो.

या साध्या नळीने जे शिकवले ते तक्त्यांमध्ये नव्हते. कवच पद्धतीने, म्हणजे पत्र्याची जाडी आकड्यात देऊन आणि त्याचा फक्त मधला पृष्ठभाग मॉडेल करून, केलेल्या गणितात वाकणे कागदावरच्या उत्तरापेक्षा किंचित जास्त आले, आणि ते यायलाच हवे होते. कागदावरच्या सूत्रात कातर विकृती, म्हणजे थर एकमेकांवरून सरकल्याने येणारे जास्तीचे वाकणे, धरलेली नसते; ती या नळीसाठी हाताने काढली तर सुमारे ०.०९ मिलिमीटर भरते. मात्र तीच नळी घन स्वरूपात, पहिल्या श्रेणीच्या चतुष्फलकांनी (चार सपाट बाजूंच्या सर्वांत साध्या घटकांनी) आणि जाडीत एकच घटक ठेवून जाळी केली, की ती खऱ्यापेक्षा कितीतरी ताठ वागू लागते आणि वाकणे फसवे कमी दिसते. ही चूक तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये सारख्याच सहजतेने करता येते. फरक एवढाच की सॉलिडवर्क्स पत्र्याचा भाग ओळखून आपण होऊन कवच सुचवते, अॅन्सिसमध्ये मधला पृष्ठभाग काढण्यासाठी चांगली साधने आहेत, आणि फ्रीकॅडमध्ये तो पृष्ठभाग वापरणाऱ्याला स्वतः तयार करावा लागतो. शिवाय कॅल्क्युलिक्स आतल्या आत कवचाचे घटक फुगवून घन घटकांत बदलते, म्हणून जिथे तीन पत्रे एका रेषेत भेटतात तिथल्या निकालाकडे अधिक सावधपणे पाहावे लागते. पंजीच्या चौकटीत असे सांधे ठायी ठायी आहेत.

याखेरीज अशा संगणकीय विश्लेषणासाठी कसोट्या ठरवणाऱ्या नाफेम्स या संस्थेची एलई-१ ही प्रसिद्ध कसोटीही आम्ही चालवली. त्यात लंबवर्तुळाकार पट्टीच्या ठरावीक बिंदूवरचा ताण ९२.७ मेगापास्कल यायला हवा असतो. जाळी पुरेशी बारीक केल्यावर तिन्ही त्या आकड्याजवळ आले. सॉल्व्हरवर विश्वास ठेवण्याचा प्रश्न इथेच मिटला, आणि पुढे जे काही चुकले त्याचा दोष सॉल्व्हरवर ढकलण्याची सोय उरली नाही.

मग चौकट घेतली. भार ठरवताना फणाला शेतात किती ओढ लागते, हा प्रश्न होता. आम्ही तो ट्रॅक्टरकडून सोडवला. ४५ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३३.५ किलोवॅट. त्यातली साधारण ६० टक्के शक्ती ओढण्यासाठी पोहोचते असे धरले आणि वेग ताशी ५ किलोमीटर घेतला, तर ओढ सुमारे १४.५ किलोन्यूटन येते. नऊ फणांवर वाटली तर प्रत्येकी १.६ किलोन्यूटन. एवढी ओढ फणांच्या टोकांना मागच्या दिशेने लावली, चौकट थ्री पॉइंट लिंकेजच्या, म्हणजे ट्रॅक्टरला अवजार जोडण्याच्या, तीन जागी धरली, आणि गणित चालवले.

तिन्ही सॉफ्टवेअरची चित्रे जवळजवळ सारखी आली. सर्वाधिक ताण टॉप लिंकच्या, म्हणजे वरच्या जोडणीच्या, उभ्या पट्ट्यांच्या मुळाशी. भेग जिथे पडत होती त्या चॅनेलच्या टोकाला रंग निळाच, म्हणजे तिथे काळजीचे कारण नाही. तिन्ही एकमेकांशी सहमत आणि तिन्ही चूक, असे ते दृश्य होते. वर्कशॉपमध्ये त्या दिवशी निराशा झाली, आणि मालकांनी विचारले की मग एवढा खर्च करून हे घ्यायचे कशाला. मला मात्र तो दिवस या सगळ्या प्रकरणातला सर्वांत उपयोगी दिवस वाटतो. एकच सॉफ्टवेअर असते तर आम्ही त्यावर शंका घेत बसलो असतो. तिघांनी एकच चुकीचे उत्तर दिल्यामुळे शंका घेण्यासारखी एकच जागा उरली : आम्ही दिलेला भार.

उत्तर शेतात मिळाले. जालना जिल्ह्यातल्या एका गावी, जिथून दोन चौकटी परत आल्या होत्या, आम्ही पंजी चालताना पाहायला गेलो. पाऊस होऊन काही दिवस झाले होते, वरची काळी माती वाफशावर आली होती, पण खाली ती अजून घट्ट होती. सरळ तासात, म्हणजे शेतातल्या सरळ ओळीत, चौकट शांत चालत होती. धुऱ्याजवळ आल्यावर चालकाने अवजार उचलणारी लिफ्ट पूर्ण न उचलता ट्रॅक्टर वळवला, आणि मागच्या रांगेतले फण जमिनीत अडकलेल्या अवस्थेतच आडवे ओढले गेले. का असे, हे विचारल्यावर तो म्हणाला, "सायेब, दिवसाला किती एकर काढायचं ते मालक बघतो. दर तासाला लिफ्ट पुरी उचलायची म्हणलं तर आटपत नाही." त्याचे म्हणणे खरे होते. भाड्याने चालणाऱ्या ट्रॅक्टरचे अर्थकारणच तसे आहे, आणि अवजार त्या अर्थकारणाला टिकले पाहिजे. चालकाला दोष देऊन डिझाइन सुटत नाही.

यांत्रिकदृष्ट्या जे घडते ते असे. सरळ चालताना फणाची ओढ मागे असते, त्यामुळे आडव्या नळ्या पिळल्या जातात. त्या बंद छेदाच्या असल्याने पीळ सहज पेलतात. वळताना मात्र मागच्या फणांच्या टोकांना बाजूचा जोर लागतो. ही टोके चौकटीच्या पातळीपासून बरीच खाली असल्यामुळे मागची नळी पुढच्या नळीच्या तुलनेत कलते, जशी एका बाजूचे दोर ढिले झाल्यावर खाट कलते तशी. हा पीळ दोन नळ्यांना जोडणाऱ्या चॅनेलांमध्ये येतो, आणि चॅनेल हा उघडा छेद आहे. ७५ मिलिमीटरची, ६ मिलिमीटर जाडीची बंद चौकोनी नळी आणि त्याच जाडीचा ७५ बाय ४० चा उघडा चॅनेल यांचा पिळाविरुद्धचा ताठपणा हाताने काढला तर पहिल्याचा आकडा १९.७ लाख मिमी४ आणि दुसऱ्याचा सुमारे ११ हजार येतो. दोघांत पावणेदोनशे पटींचा फरक आहे. उघडा छेद पिळला की त्याची पाती पुढे-मागे सरकू पाहतात. वेल्ड केलेल्या टोकाला ती सरकू शकत नाहीत, आणि नेमक्या त्या टोकाला, पात्याच्या कडेवर, ताण साठतो. भेग तिथेच सुरू होत होती.

हा भार दिल्यावर तिन्ही सॉफ्टवेअरनी लाल ठिपका भेगेच्या जागी दाखवला. इथून पुढे त्यांच्यातला खरा फरक दिसू लागला, कारण आता प्रश्न "ताण कुठे" हा उरला नव्हता, "ताण किती आणि त्यात चौकट किती वळणे टिकेल" हा होता.

वेल्डच्या काठावर दिसणारा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. जाळी अर्धी केली की तो वाढतो, पुन्हा अर्धी केली की पुन्हा वाढतो. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या शिफारशींमध्ये यासाठी हॉट स्पॉट पद्धत आहे. वेल्डच्या काठापासून पत्र्याच्या जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावर ताण वाचायचा आणि पहिल्याची १.६७ पट वजा दुसऱ्याची ०.६७ पट, असा काठावरचा ताण काढायचा. आमच्या ६ मिलिमीटर पत्र्यासाठी ती अंतरे २.४ आणि ६ मिलिमीटर झाली. सॉफ्टवेअर कोणतेही असो, हे काम त्या दोन बिंदूंवर जाळीचे कोपरे बसवून करावे लागते. अॅन्सिसमध्ये जाळीवर जेवढा ताबा मिळतो तेवढा दुसऱ्या कुठे मिळाला नाही, आणि ते एकदा बसवले की बदललेल्या चौकटीवर तीच मांडणी पुन्हा चालवता आली. सॉलिडवर्क्समध्ये चौकट बदलणे सर्वांत वेगाने झाले, कारण रेखांकन आणि विश्लेषण एकाच फाइलमध्ये होते. नळीचे माप बदलले की जाळी आणि भार आपोआप नव्या आकारावर गेले. फ्रीकॅडमध्ये प्रत्येक बदलानंतर पृष्ठभाग आणि सांधे पुन्हा तपासावे लागत, आणि त्यात वेळ जाई. पण कॅल्क्युलिक्सची सर्व आज्ञावली साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उघडी असते. कोणत्या कोपऱ्याला काय धरले, कुठे किती भार दिला, हे ओळीने वाचता येते. त्या तरुण अभियंतेची दोन जागी झालेली चूक आम्हाला तिथेच सापडली; इतरत्र ती खिडक्यांच्या मागे दडून राहिली असती असे मला वाटते. शिकणाऱ्यासाठी याचे मोल मोठे आहे.

निकाल खरा की नाही हे तपासण्यासाठी ताणमापक पट्ट्या लावून शेतात मोजमाप करणे या वर्कशॉपला परवडणारे नव्हते. आम्ही चौकट मजबूत टेबलावर लिंकेजच्या तीन पिनांनी बांधली, मागच्या कोपऱ्याला १०० किलो वजन टांगले आणि डायल गेजने (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापकाने) कोपरा किती खाली गेला ते वाचले. पहिल्या वाचनात तो तिन्ही गणितांपेक्षा बराच जास्त खाली गेला. कारण साधे होते : पिना आणि भोके यांच्यातली ढिलाई. आधी २० किलो टांगून ढिलाई काढली, तिथे गेज शून्यावर आणले आणि मग वाढीव वजनाचे वाचन घेतले, तेव्हा मोजमाप आणि गणित जवळ आले. असे करता येईल तिथे ते अवश्य करावे. एक डायल गेज आणि वजने एवढीच त्याची सामग्री आहे.

दुरुस्तीसाठी दोन उलट मार्ग होते. ट्रकच्या चासीत जसे मुद्दाम उघडे छेद वापरून सांगाड्याला पिळू देतात, तसे चॅनेल ठेवून त्याच्या टोकाची जोडणी लवचीक करणे हा एक. छेद बंद करून पीळच थांबवणे हा दुसरा. पंजीचे फण एका रेषेत राहिले नाहीत तर खोली कमी-जास्त होते, म्हणून आम्ही दुसरा मार्ग धरला. पहिल्या प्रयत्नात चॅनेलच्या जागी ४० मिलिमीटर रुंदीची बंद नळी बसवून पाहिली, तर ताण चॅनेलमधून निघून मागच्या मोठ्या नळीच्या सपाट चेहऱ्यावर गेला. अरुंद नळी रुंद नळीच्या मधोमध टेकली की तो चेहरा पोटासारखा आत-बाहेर होतो. ७५ मिलिमीटर रुंदीची नळी घेतल्यावर तिच्या बाजूच्या भिंती मोठ्या नळीच्या बाजूच्या भिंतींसमोर आल्या, आणि जोर थेट भिंतीतून वाहू लागला. ताणाचा पल्ला, म्हणजे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी ताणातला फरक, मूळ चौकटीच्या तुलनेत सुमारे एक-पंचमांश कमी झाला. आकडा लहान दिसतो, पण वेल्डचे आयुष्य ताणाच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ताण ८० टक्क्यांवर आला की आयुष्य जवळपास दुप्पट होते. ताण निम्मा झाला असता तर ते आठपट झाले असते, म्हणून पुढच्या मॉडेलमध्ये अजून वाव आहे, हेही मालकांना सांगितले.

खरेदीचा निर्णय असा झाला. सॉलिडवर्क्सचा एक परवाना घेतला, कारण मोठे ग्राहक त्रिमितीय फाइल मागतात आणि रोजचे ड्रॉइंग तिथेच होणार आहे. स्टेप या सर्व सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या स्वरूपात फाइल कुणालाही देता येते हे खरे, पण स्टेपमध्ये आकार जातो, तो आकार कसा घडवला याचा क्रम जात नाही, आणि ग्राहकाला बदल करायचा असेल तर तो क्रमच लागतो. सिम्युलेशनचा वरचा दर्जा घेतला नाही. चौकटींचे नेहमीचे विश्लेषण फ्रीकॅड आणि कॅल्क्युलिक्समध्ये करायचे ठरले. वेळ जास्त जातो, पण वर्षाला डिझाइनच मोजकी होतात. अॅन्सिस घेतले नाही. वेल्डच्या आयुष्याचे बारीक गणित लागेल तेव्हा ते काम बाहेरून करून घ्यायचे. मालकांना हे शेवटचे पटायला वेळ लागला, कारण महागडे सॉफ्टवेअर आपल्याकडे असावे अशी त्यांची मनापासून इच्छा होती. माझे मत मात्र ठाम होते. ज्या वर्कशॉपकडे अजून भाराची नोंद नाही, त्याने आधी भार गोळा करण्यावर खर्च करावा. म्हणून वाचलेल्या रकमेतला थोडा भाग परत येणाऱ्या प्रत्येक अवजाराची नोंद ठेवण्यासाठी राखला : कोणती माती, किती अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, किती एकर, भेग कुठे.

पुढच्या खरिपानंतर नव्या चौकटींपैकी दोन आम्ही मुद्दाम परत मागवल्या आणि सांध्यांवर डाय पेनेट्रंट, म्हणजे भेगेत शिरून तिची रेघ दाखवणारा रंग, मारून पाहिले. एकीवर लाल रेघ कुठेच उमटली नाही. दुसरीवर एका कोपऱ्यात नखाएवढी रेघ आली. तिथे वेल्डरने वेल्ड सुरू केला होता आणि पूर्ण फेरी मारून तिथेच संपवला होता. वेल्डची सुरुवात आणि शेवट नळीच्या कोपऱ्यावर एकत्र आले होते. ही गोष्ट तिन्ही सॉफ्टवेअरपैकी एकाच्याही चित्रात असणे शक्य नव्हते. आता त्या ड्रॉइंगवर सांध्याशेजारी एक बाण आणि एक ओळ आहे : वेल्ड बाजूच्या मधोमध सुरू करावा, कोपरा न थांबता पार करावा.